साधनाने बसवलेला प्रोसेसर

माझी बायको साधना गेली हे मला कंपनीत कळलं. मी चाकणला गिअरबॉक्सच्या लाइनवर होतो. आमचा सुपरवायझर निरंजन स्वतः चालत आला, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाला, "सोपानराव, चला, मी घरी सोडतो." चालू लाइनवर कुणी हातातला पाना काढून घेत नाही. मला तिथेच समजलं. सकाळी तिने डबा भरून दिला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

त्याला दोन वर्षं होत आली. आता सांगतोय ते आमच्या घरातल्या कॉम्प्युटरचं.

मुलगी उत्कर्षा इंजिनिअरिंगला असताना तिने सुटे भाग आणून तो घरातच जोडला होता. प्रोसेसर बसवायची वेळ आली तेव्हा ती घाबरली. चौकोनी चकतीसारखा तो भाग, खाली केसांसारख्या बारीक पिना. एक वाकली तरी काम संपलं. साधना भोसरीला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत होती. ती म्हणाली, "सरक तिकडं." तिने तो दोन बोटांत धरला आणि अलगद जागेवर ठेवला. वर त्याला थंड ठेवणारा पंखा, म्हणजे कूलर, बसवून स्क्रूही तिनेच आवळले. प्रोसेसर काय करतो हे तिला माहीत नव्हतं. उत्कर्षाने सांगितलं, हा कॉम्प्युटरचा मेंदू. मग घरी कुणीही आलं की साधना चहाआधी सांगायची, "याचा मेंदू मी बसवलाय."

गेल्या महिन्यात कॉम्प्युटर बंद पडला. पिंपळे सौदागरच्या दुकानदाराने तपासून सांगितलं, "काका, मदरबोर्ड उडालाय. प्रोसेसर चांगला आहे, पण जुना झाला. सगळंच नवीन टाका." मी कॉम्प्युटर उचलून घरी आणला आणि उत्कर्षाला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, बोर्ड मी घेऊन येते. आईने बसवलेला प्रोसेसर आपणच काढू, आपणच बसवू. दुसऱ्या कुणाचा हात नको."

उत्कर्षा मारुंजीला राहते, हिंजवडीत नोकरी करते. साधना गेल्यापासून ती रविवारी यायची, माझ्यासाठी दोन भाज्या करून ठेवायची आणि ऊन उतरायच्या आत निघायची. आम्ही दोघं काय बोलणार? बोलणारी होती ती गेली होती.

त्या रविवारी मात्र ती सकाळीच नवा बोर्ड घेऊन आली. जमिनीवर चादर अंथरली, कॉम्प्युटर आडवा केला. कूलरचे चारही स्क्रू मी सोडवले. ती म्हणाली, "आता थांबा. कूलर आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट वाळून चिकटली असणार. हेअर ड्रायरने गरम करायचं, मग कूलर हळूहळू डावीउजवीकडे फिरवायचा. वर ओढायचा नाही. मी चहा उतरवून येते."

मी थांबलो नाही. आयुष्यभर बेअरिंग काढली आहेत. बेअरिंग सरळ ओढायचं, जरा तिरकं झालं की शाफ्ट खराब. मी कूलर दोन्ही हातांनी धरला आणि शिकल्याप्रमाणे सरळ वर ओढला. टच्च आवाज झाला. कूलर हातात आला आणि त्याच्या पोटाला चिकटून प्रोसेसरही आला.

उत्कर्षा कप घेऊन दारात उभी.

"पप्पा, मी काय सांगितलं होतं?"

"फिरवायचं."

"मग?"

"बेअरिंग कधी कुणी फिरवून काढतं का?"

"हे बेअरिंग आहे?"

तिने कप खाली ठेवले आणि कूलर उलटा केला. एका कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या होत्या. साधनाच्या हातचं या यंत्रात तेवढंच होतं, आणि ते मी वाकवून ठेवलं होतं.

तिने विचारलं, "आई असती तर काय म्हणाली असती?"

मी खरं तेच सांगितलं. "मला स्वयंपाकघरात हाकललं असतं. भांडी घासायला."

"मग जा ना!" ती म्हणाली आणि एकदम हसायला लागली. मलाही हसू आलं. आवरेना. ते ऐकून शेजारच्या दुर्गाबाई आत आल्या. त्या मूळच्या कासारवाडीच्या, साधनाच्या मैत्रीण.

"काय झालं ओ भावजी? दोघंबी येडी झाली का काय?"

"मेंदू वाकवला पप्पांनी," उत्कर्षा म्हणाली.

"त्यांचा व्हय? त्यो तर पहिल्यापास्नंच."

उजेड धरायला दुर्गाबाईंच्या हातात मोबाइलची बॅटरी लावून दिली आणि आम्ही कामाला लागलो. ड्रायरने गरम करून उत्कर्षाने प्रोसेसर कूलरवरून सरकवून सुटा केला. दोन्हीवरची जुनी पेस्ट पुसली. मग शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवून ती पिन सरळ करू लागली. श्वाससुद्धा घेत नव्हती. दुर्गाबाई मधेच म्हणाल्या, "अगं, जरा दम खा, न्हाईतर तूच पडशील." तिसरी पिन सरळ झाली तेव्हा उत्कर्षाच्या नाकावर घाम होता.

नव्या बोर्डवर प्रोसेसर पहिल्यांदा बसला नाही. तिने तो उचलला, एक पिन पुन्हा जराशी सारखी केली आणि परत ठेवला. या वेळी तो दाबावा न लागता आपल्या वजनाने खाली बसला. तिने प्रोसेसर पकडून ठेवणारा बाजूचा दांडा पाडला.

नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी घातली. दुर्गाबाईंना ते पटलं नाही. "एवढीशीच? पोळीला तूप लावल्यागत लाव की भरपूर."

कूलर ठेवला. उत्कर्षाने स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "हे तुमचं काम." मी समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळले. एकदम एकच आवळला तर कूलर तिरका बसतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

चालू करण्याआधी दुर्गाबाई घरी जाऊन हळदीकुंकू, नारळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. नवीन यंत्र नारळाशिवाय सुरू करायचं नाही म्हणाल्या. त्या बोर्डवर पाणी शिंपडणार होत्या, तेवढ्यात उत्कर्षाने त्यांचा हात वरच्या वर धरला. शेवटी कुंकू कॉम्प्युटरच्या बाहेरच्या पत्र्याला लावलं आणि नारळ मी उंबऱ्यावर फोडला.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. आम्ही तिघं चादरीवर बसून त्या काळ्या पडद्याकडे बघत होतो. मी म्हणालो, "गेला बहुतेक." उत्कर्षा म्हणाली, "नवीन बोर्ड पहिल्यांदा वेळ घेतो, थांबा. या वेळी तरी थांबा." मी हात मागे बांधून बसलो.

आणि पडदा उजळला. त्यावर प्रोसेसरचं नाव आलं. उत्कर्षा ओरडली, दुर्गाबाईंनी टाळ्या वाजवल्या, मी काय केलं मला आठवत नाही, पण शेजारचे बघायला आले एवढं खरं. आलेल्या प्रत्येकाला उत्कर्षा सांगत होती, "याचा मेंदू आईने बसवलाय. पप्पांनी वाकवला. मी सरळ केला." सगळ्यांना खोबरं वाटलं.

त्या दिवशी ती ऊन उतरायच्या आत निघाली नाही. जेवली, मुक्कामाला राहिली, सोमवारी इथूनच ऑफिसला गेली.

कॉम्प्युटर आता रोज चालतो. बोर्ड बदलल्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा असं येतं. ते अजून करायचं राहिलं आहे.