वरच्या टोकाच्या पट्ट्या

कानूचे बाबा पियानो जुळवायचे. शाळा, क्लब, नाचाचे वर्ग, आणि ज्या घरांत पियानोचा उपयोग फक्त फुलदाणी ठेवायला होतो अशी घरं, सगळीकडे त्यांची पिशवी फिरायची. पिशवीत नादकाटा, तारांच्या मधे खोचायच्या जाड लोकरी नमद्याच्या पाचरी आणि तारांच्या खुंट्या पिळायचे दोन पाने असत. लाकडी मुठीचा मोठा बाबांचा, लहान कानूचा. बंद दाराआडून नुसत्या पावलांवरून कोण आलं ते ती लहानपणी अचूक सांगायची, म्हणून बाबांनी तिला कानू म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव शाळेपुरतं उरलं. ज्याच्या त्याच्यापुढे बाबा सांगत सुटायचे की हिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. ते हे कौतुकाने म्हणत. ते किती खरं आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षापासून बाबांचे कान वरच्या टोकाला दगा देऊ लागले होते. खालचे आणि मधले सूर ते अजूनही असे लावत की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. पण उजव्या हाताच्या शेवटच्या पट्ट्यांपाशी आले की त्यांना नीट ऐकू येईना. मग ते हाताच्या सवयीवर जात, आणि ती सवय दिवसेंदिवस तारा जास्तच ताणत चालली होती.

कानूने त्यावर तोड काढली होती. काम संपलं की बाबा घरच्या लोकांशी चहा घेत बसत, आणि त्यांच्या गप्पा म्हणजे मारुतीचं शेपूट. तेवढ्या वेळात पट्ट्या पुसायच्या आणि वरचं झाकण बसवायचं काम कानूकडे असे. ती फडकं खांद्यावर टाकायची, आपला लहान पाना काढायची आणि वरच्या तारा एकेक करून जागेवर आणायची. पलीकडच्या खोलीत बसलेल्या बाबांना त्यातलं काही ऐकू जात नसे. दुखणं तेच तर होतं.

हे फक्त आईला ठाऊक होतं. आई धुलाईच्या दुकानात दिवसभर इस्त्रीपाशी उभी असायची आणि घरी आली की पाय वर घेऊन गप्प बसायची. पहिल्यांदा कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की त्यांना सांगू नकोस, खचतील. तेव्हापासून मायलेकींनी मिळून ती गोष्ट सांभाळली. बाबा मात्र जुन्या ऐटीत पिशवी खांद्याला लावून निघत, कारण आपण चुकतो हे त्यांना कोणी कळूच दिलं नव्हतं.

कॉलेजात कानूचा विषय होता संख्याशास्त्र. त्यात नोकरी मिळते असं सगळेच म्हणत होते. पहिलं वर्ष संपताना दुसरा मुख्य विषय घ्यायची मुभा होती, डबल मेजर म्हणायचे त्याला, आणि कानूच्या मनात संगीत होतं. मनात कसलं, तिला रात्रंदिवस तेच सुचत होतं. अडचण अशी की संगीताचे वर्ग दुपारी असत आणि बाबांची कामंही दुपारीच. हा विषय घेतला की बाबांच्या मागे जाणं संपलं.

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, दोन डगरींवर हात ठेवून कोणाचं भलं झालं नाही. कानूने विचारलं, मग आयुष्यभर फडकं घेऊन त्यांच्या मागे फिरू का? 

"मला विचारू नकोस," आई म्हणाली. "मला दोन्हीकडून रडूच येतं."

पण कानूने मनाशी एक बेत केला होता, आणि त्याच्या आधारावरच ती उभी होती. संगीताला प्रवेश मिळाला की ती स्वतः बाबांना त्यांच्या कानांचं सांगणार होती. आज सांगितलं तर ते हसण्यावारी नेतील, पोरीला काय कळतं म्हणतील. कॉलेजात संगीत शिकणारी मुलगी सांगू लागली तर ऐकतील, डॉक्टरकडे येतील, कानात यंत्र बसवून घेतील. मग मायलेकींना चोरून काही करावं लागणार नाही. बाबांना नुसतं डबल मेजरचं सांगितलं, तर ते इतके हरखले की शेजारच्या शिंप्याला गाठून त्याला पहिल्या अक्षरापासून सगळं ऐकवून आले.

प्रवेशाआधी कानाची परीक्षा होती, कॉलेजच्या हॉलमधल्या मोठ्या पियानोवर. तो पियानोही बाबाच जुळवत. यंदा ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गेले, नेमकं कानूचं संख्याशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं त्याच दिवशी. संध्याकाळी परतले ते मिरवत. म्हणाले, तुझ्यासाठी आज जीव ओतून लावलाय, कानू. कानूने चोरून जाऊन वरच्या तारा जागेवर आणायचं ठरवलं. हॉलला कुलूप होतं आणि किल्ली शिपायाकडे. ती दोनदा जाऊन आली, पण शिपायाने काही दाद दिली नाही.

परीक्षा घ्यायला संगीत विभागाच्या बाई होत्या, केस पिकलेल्या, स्वभावाने मऊ. त्यांनी कानूला पियानोकडे पाठ करून बसवलं आणि एकेक सूर वाजवून विचारत गेल्या. कानूचं एकही उत्तर चुकलं नाही. बाईंचा आवाज खुलत गेला. कानूला त्या काही मिनिटांत वाटलं की झालं, सुटलो आपण सगळे.

मग बाईंनी तिला जवळ बोलावलं.

"आता शेवटचं. गेले काही दिवस मला याचं वरचं टोक खटकतंय. माझेच कान म्हातारे झाले की जुळवणाऱ्याने घाण केलीय, तू सांग. माझा विश्वास बसेल तुझ्यावर."

जुळवणारा तिचा कोण, हे बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी वरच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या. सूर इतका चढला होता की कानूच्या दातांत कळ गेली. खरं सांगितलं की प्रवेश नक्की होता. खरं सांगितलं की बाबांचं या हॉलमधलं काम जाणार होतं, आणि का गेलं ते या गावातल्या प्रत्येक पियानोवाल्याला कळणार होतं. तिने ते स्वतः हळूच सांगायचं ठरवलं होतं, त्यांचा हात हातात घेऊन. असं तिऱ्हाईताकडून त्यांच्या कानावर जाऊ द्यायला तिचा जीव होईना.

"मला तर बरोबर वाटतं, बाई."

बाईंनी पुन्हा वाजवलं. या वेळी मुद्दाम, हळू, सूर विझेपर्यंत पट्ट्या दाबून धरल्या.

"आता?"

"बरोबरच आहे."

बाईंनी झाकण लावलं. त्यांचा चेहरा पडला होता. मग माझंच वय झालं असणार, असं म्हणून त्या कसनुसं हसल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या की खालचं तुझं उत्तम आहे, पण वर एवढा फरक कळत नसेल तर पुढे फार जड जाईल. एक विषय नीट झाला तरी पुष्कळ आहे. कानूने मान हलवली आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून रडली.

घरी बाबा दारातच उभे होते. तिने नुसती नकाराची मान हलवली. कशात अडलीस, असं त्यांनी विचारलं.

"वरच्या सुरांत," ती म्हणाली.

"वरच्या?" बाबांना पटेना. "पण ते तर मी स्वतः लावलेत. काचेसारखे स्वच्छ."

आई इस्त्रीचे कपडे घडी घालत होती, तिचा हात थांबला. एक वाक्य बोललं की पुरे होतं, कानूला ते कळत होतं आणि आईलाही. दोघींपैकी कोणी बोललं नाही.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते तिच्याशेजारी बसले आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, चूक माझी आहे, मीच लहानपणापासून तुझं कौतुक करकरून तुला भरीस घातलं. मग उठून त्यांनी पिशवी उघडली, तिचा लहान पाना बाहेर काढला आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला.

"उद्यापासून मी एकटाच जात जाईन. लोकांचे पियानो आहेत, पोरी. कच्च्या कानाचा हात नको त्यांना लागायला. तू तुझा अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते क्लबचा पियानो जुळवायला निघाले. दारातून त्यांनी तिला येतो म्हणून सांगितलं, आणि हाक मारली ती शाळेतल्या नावाने. कानू पुस्तक उघडून बसली होती. जिन्यावरून उतरणारी त्यांची पावलं तिला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली.