सम सालं रॉसची

मी लोकांचे कराचे कागद भरून देते. फेब्रुवारीत माझ्या दुकानात लोक हसत येतात. कराचा परतावा मिळायचा असतो. त्यावर कुणाचा फ्रीज ठरलेला असतो, कुणाचे दात. ट्वायला मात्र कोट न काढताच बसली. बरोबर वर्षापूर्वी तिच्या कॉरीला पुरताना मी तिथे उभी होते. नऊ वर्षांची पोर, रक्ताच्या कॅन्सरने गेली.

"नदीनबाई, एकच विचारते," ती म्हणाली. "गेलेल्या मुलीचं नाव कराच्या कागदावर लावता येतं का?"

"ज्या साली गेली, त्या सालापुरतं येतं. म्हणजे २०२४ला."

"मग लावा. शाळेने हजेरीतून काढलं, दातांच्या डॉक्टरने काढलं. यानंतर तिचं नाव कुठल्या कागदावर येणार आहे? हे शेवटचं."

आईबापावर अवलंबून असलेल्या मुलांची नावं लिहायची जागा असते, त्यावर करात सूट मिळते. तिथे मी कॉरीचं नाव घातलं.

"त्या साली तुझ्याकडे किती रात्री होती?"

"चाळीस. सगळ्या दवाखान्यात. मी खुर्चीत झोपायचे. रॉस दोनदा येऊन गेला."

रॉस तिचा घटस्फोटित नवरा. "दवाखान्यातल्या रात्री घरातल्याच धरतात," मी म्हटलं आणि कागद कॉम्प्युटरवरून पाठवून दिला.

वीस मिनिटांत तो कर खात्याकडून परत आला. या मुलीचं नाव दुसऱ्या कुणीतरी आधीच लावलं होतं.

"रॉसच असणार! मेल्याला तेवढंही बघवलं नाही!" ट्वायला उठून उभी राहिली.

माझंही डोकं फिरलं. मी तिच्यासमोरच फोन लावला, तिलाही ऐकू जाईल असा.

"रॉस, काही लाज आहे का रे? दोनदा तोंड दाखवलंस आणि आता नाव लावतोस?"

"तुमचं कपाट उघडा, बाई," तो म्हणाला. "कागद तुमच्याच हातचा आहे."

मी कपाट उघडलं. कागद होता. घटस्फोटाच्या वेळी पोरीचं नाव कुणी लावायचं याची जज्जांनी वाटणी केली होती: विषम सालं आईची, सम सालं बापाची. पोर आईकडे राहायची म्हणून दर सम साली आईने सही करून हक्क सोडायचा. तेव्हा मीच शहाणपणा केला होता. "दर खेपेला कशाला हेलपाटे घालता? पोर अठराची होईपर्यंतची सगळी सालं एकदाच लिहून टाका." माझ्याच अक्षरात ओळ होती: २०२०, २०२२, २०२४, २०२६, २०२८, २०३०, २०३२. खाली ट्वायलाची सही. कॉरी तेव्हा पाच वर्षांची होती. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून तिने विचारलं होतं, "तेव्हा मी मोठी?" आणि ट्वायला, रॉस आणि मी हसलो होतो.

वर्षाला चारशे लोकांचे कागद माझ्या हातून जातात. हा मी साफ विसरले होते.

फोनवर रॉस अजून होता. "तिला घर मिळालं, पोर मिळाली. मला साल आड साल मिळालं. दोनदाच आलो, खरं आहे. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. पण हे साल माझं आहे, नदीनबाई. मीही तिचा बापच आहे." त्याने फोन ठेवला.

"मी सही मागे घेते," ट्वायला म्हणाली. "घेता येते ना?"

"येते."

"द्या मग कागद."

"ट्वायला, ती पुढच्या सालापासून लागू होते."

ती हसली. असलं हसणं शत्रूच्याही कानावर पडू नये. "पुढच्या साली काय मागे घेऊ?"

मग मला दुसरी जागा आठवली. मूल राहिलं एकाकडे पण हक्क दुसऱ्याचा, अशा घरांसाठी एक वेगळं पान असतं.

"त्यात तिचं नाव येतं?"

"येतं. थोडे पैसेही मिळतात."

"पैसे राहू द्या. नाव घाला."

मी नाव घातलं. पुढच्या चौकटीत विचारलं होतं, मूल तुमच्याकडे किती महिने राहिलं. नियम मला पाठ होता, तरी मी चौकट रिकामीच ठेवली.

"लिहा की," ती म्हणाली. "एक महिना, नऊ दिवस."

"बारा लिहायचे असतात. मूल मध्येच गेलं तर सबंध वर्ष धरतात."

मी बारा लिहिले. ट्वायला पुढे वाकून त्या आकड्याकडे बघत राहिली.

"सबंध वर्ष माझ्याकडे," ती हळूच म्हणाली. "मग फेब्रुवारीनंतर ती कुठे होती, नदीनबाई?"

तीस वर्षं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन मी पोट भरलं आहे. मी पेन तिच्यापुढे सरकवलं आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.