ढोलवाल्याचं माप

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. पाठीवर शिंपीकामाच्या खडूचे डाग, काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा, असा माझा अवतार. पण मला कमी लेखू नका हं. एकदा माझ्यावाचून अख्खा बँड अडला होता!

कारखान्यातून निघालो, दुकानाच्या कपाटात चार दिवस मिरवलो आणि एका शिंपीणबाईंच्या हाती आलो. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणे. माप घेताना मावशींचे दोन्ही हात टेपमध्ये आणि तोंडात टाचण्या. त्यामुळे त्या मापं लिहीत नसत, मला सांगत. "छाती बेचाळीस, खांदा अठरा, मुंढा दहा."

खरं सांगतो, बोललेलं लिहून काढण्याइतकी अक्कल माझ्यापाशी नाही. मी तो आवाज इंटरनेटवरून क्लाउडकडे पाठवायचो. क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे बरं का! दूर कुठेतरी थंडगार खोल्यांत हजारो संगणक रांगेने उभे असतात. तेच माझं डोकं आणि तेच माझं कपाट. ते आवाजाची अक्षरं करत, एक प्रत स्वतःजवळ ठेवत आणि पापणी लवायच्या आत मला उत्तर धाडत. फक्त टाचण्यांमुळे त्यांची गंमत व्हायची. मुंढा म्हणजे कोटाला बाही जोडायची जागा. तिचा ते खुशाल मेंढा करत! काज-बटणं करणारे मावशींचे यजमान, म्हणजे आमचे काका, ते वाचून पोट धरून हसत.

"अगं, कोट शिवतेस की कळप राखतेस?"

काकांचा क्लाउडवर काडीचाही विश्वास नव्हता. "ढगात ठेवलेलं एक दिवस पावसात वाहून जाणार," असं ते म्हणत.

एकदा बँडवाल्यांच्या अकरा कोटांचं काम आलं. मंडळी मापं देऊन लगेच दौऱ्यावर निघाली. परत येणार होती ती थेट स्पर्धेच्या सकाळी. ती दाराबाहेर पडतात न पडतात तोच मावशींचा धक्का लागला आणि मी कापड भिजवायच्या बादलीत बुडालो. गार पडलो एकदम.

पुढचं मला नंतर कळलं. मावशींनी मला बादलीतून काढून पुसलं, पण मी काही उठलो नाही. काकांनी स्वतःच्या मोबाइलवर मावशींचं खातं उघडलं, तर मापं समोर हजर, मेंढ्यांसकट! काकांनी कान पकडले. मग मोजली, तर दहाच. अकरावं माप ढोलवाल्याचं. ते घेताना इंटरनेट गेलं होतं, म्हणून तो आवाज मी पोटात जपून ठेवला होता.

"अहो, अंदाजाने बेतायचं तर कापड तेवढंच आहे. एकदा चुकलं की संपलं!" मावशींचे डोळे भरून आले.

ढोलवाल्याला फोन लावला. तो खुशीत म्हणाला, "टेप कुठला इथे? पण छाती बरोब्बर सहा विती भरली बघा, मावशी!"

त्याची वीत केवढी, कुणास ठाऊक! आता काय करणार? मला दुरुस्तीवाल्या ताईंकडे नेलं. त्यांनी मला उघडलं, पुसलं, दोन दिवस वाळवलं. तिसऱ्या दिवशी माझा डोळा उघडला.

"हा कधीही मान टाकेल. हवं ते लगेच काढून घ्या," ताई म्हणाल्या.

मान टाकायला वेळ कुणाला होता? इंटरनेट सापडताच मी पोटातला आवाज वर पाठवला. काकांच्या मोबाइलवर अक्षरं उमटली. "छाती चोपन्न, मेंढा बारा."

"आला गं बाई माझा मेंढा!" मावशी ओरडल्या आणि त्यांनी मला गालाशी धरलं. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

स्पर्धेच्या सकाळी ढोलवाल्याने कोट घातला, बटणं लावली, छाती भरून श्वास घेतला आणि ढोल असा काही बडवला, की गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. एक टाका उसवला नाही.

आता मावशींकडे नवा मोबाइल आहे. जुनी मापं क्लाउडमधून त्यात आपसूक आली. मी मशीनशेजारी चार्जरला टेकून गाणी लावतो. मजेत आहे.

मित्रांनो, आम्ही पुष्कळ काही वर पाठवतो, पण पाठवायचं राहिलेलं आमच्याच पोटात असतं. म्हणून पाठवलेलं पोचलं का, ते एकदा बघत जा. आणि आम्हाला बादलीच्या काठाशी ठेवू नका. आम्ही कितीही हुशार झालो, तरी आम्हाला पोहता येत नाही!