पीसिग्नल: कोसळल्याचं कारण सांगणारा

"नुसता आकडा कुणाला कळणार, बाबा? शब्दांत सांग," मला घडवणारा माणूस म्हणाला होता. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

मित्रांनो, मी संगणकाच्या सी भाषेतला एक जुना चाकर आहे. नाव पीसिग्नल. चालता प्रोग्रॅम एखाद्या इशाऱ्याने, म्हणजे सिग्नलने, मध्येच कोसळला, की तो इशारा कोणता होता हे मी साध्या शब्दांत छापतो. वाटलं होतं, मला रोज हाका येतील. हाका गेल्या प्रिंटएफ नावाच्या दुसऱ्या चाकराला! काहीही छापायचं असो, बोलवा त्यालाच. चुका सांगायला माझा भाऊ पेरर. त्यांचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखे. फळीवरच्या ठेवणीतल्या भांड्यासारखा मी, लखलखीत आणि रिकामा.

कीलुंग बंदरातल्या मासळीच्या शीतगृहात च्वो या-श्यू काम करी. थंडाव्यावर नजर ठेवणारा प्रोग्रॅम तिने नव्याने लिहिला होता. पण दुपारी डबे खाऊन, दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकून झोपले, की तो पडे. प्रिंटएफ एवढंच छापी, "काम थांबले." तरी मान त्यालाच!

"तुझाच घोळ, पोरी," तिचा जुना सहकारी थूदादा म्हणे. आधीचा प्रोग्रॅम त्याचा होता. "माझा कधी शिंकलासुद्धा नाही."

"शिंकायला तो जागा तरी असायचा का, दादा?" या-श्यू हसे, पण वरवर. साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा पडला तर नोकरी गेली.

शेवटी तिने मला शोधून काढलं आणि त्या प्रोग्रॅमची राखण करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवलं. दुसऱ्या दुपारी प्रोग्रॅम पडलाच. दिवे लागले, साहेब डोळे चोळत आले. मी छापलं, "शीतगृह: ठार केले."

"माझी चूक असती तर शब्द वेगळे आले असते, साहेब," या-श्यू म्हणाली. "हा आपणहून पडला नाही. बाहेरून कुणीतरी मारलाय."

आता बघ म्हणावं पेररला! मी फुलून गेलो. तेवढ्यात थूदादाचा चेहरा दिसला. प्रिंटएफला हाक आली की माझा होतो, अगदी तसा.

मित्रांनो, कोपऱ्यात पडलेल्याला अधूनमधून हाक मारत जा. हाक न आलेला आतल्या आत आंबतो.

थूदादाने खुर्ची मागे सारली.

"मीच मारत होतो, या-श्यू. सगळे झोपले की. तुझं चांगलं चाललेलं मला बघवत नव्हतं गं."