भुलीतली नावं

क्लोरोफॉर्मच्या गुंगीत माणूस बोलला, ते काय त्याचं बोलणं धरायचं? तुम्हीच सांगा!

आमचे हे, राजाराम, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात मांडीत गोळी लागून पडले. ऑपरेशनसाठी भूल दिली तेव्हा दारातच इन्स्पेक्टर उभा, परमुलखातला. बाहेर येऊन आमच्या शेजारच्या बुधाजीला म्हणतो, "तुम्हारे आदमी ने सब नाम बता दिये."

झालं! बुधाजी लालबागला चाळीत पोचला आणि नुसता भडका उडाला. मोर्च्यातली पोरं घोडपदेवला पाहुण्यांकडे दडली. ह्यांना घरी आणलं तर दारात काळं कुत्रं फिरकलं नाही. दर गणपतीला अख्ख्या चाळीचं गाऱ्हाणं देवापुढे घालणारा हा माणूस, आणि त्याला फितूर म्हणता? मेल्यांनो, जिभा कशा झडल्या नाहीत तुमच्या!

ह्यांना स्वतःला काहीच आठवेना. "शेवंती, माझ्या तोंडातसून कोणाची नावां गेली गो?" एवढंच विचारायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. ताटातला भात तसाच राहायचा.

शेवटी मी भूल देणाऱ्या डॉक्टर लतिकाबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "मेंदू एकदम झोपत नाही हो. आधी त्याचा लगाम सुटतो, तेव्हा माणूस बरळतो. मग सगळंच निजतं. जागं झाल्यावर त्यातलं काही आठवत नाही. नावं घेत होते खरे, पण कुणाची ते मला कळलं नाही."



रविवारी इन्स्पेक्टर शिपाई घेऊन आला. चाळीच्या चौकात उभा राहून ओरडला, "रवळनाथ कौन है? वेतोबा किधर छुपा है? सातेरी को बाहर निकालो!"

मग वरच्या माळ्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी चाळ हसायला लागली. अहो, आमच्या गावाकडचे देव ते! ह्यांनी भुलीत एकेका देवाला हाक मारून गाऱ्हाणं घातलं होतं.

मी कठड्यावरून ओरडले, "बेड्या घेऊन कोकणात जा! देवळात बसलेत तिघं!" शिपायाने कानात सांगितलं तसा साहेब लालबुंद होऊन चालता झाला.

संध्याकाळी बुधाजी नारळ घेऊन दारात. मागे सगळी चाळ. "राजाराम, पोरांसाठी गाऱ्हाणां घाल रे."

"आता आठवले का हे?" मी म्हटलं. "ते भुलीत होते बुधाजी, तरी तोंडात देव होता. तुम्ही तर शुद्धीवर होतात ना?"

बुधाजीने नारळ ह्यांच्या उशाशी ठेवला.

"गप ऱ्हव गो," हे म्हणाले. डोळे पुसून उठून बसले, नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ एका सुरात म्हणाली, बायकासुद्धा.

मी शेगडीपुढे बसून होते. माझ्या तोंडून काही ते 'व्हय' निघालं नाही.