नाचणगावचं जहाज

नाचणगावात जहाज बांधायला घेणाऱ्या बाईला ऊन लागलं असलं पाहिजे, असं मधुकरकाकांचं स्पष्ट मत होतं आणि ते त्यांनी पानठेल्यापासून देवळाच्या ओट्यापर्यंत सगळीकडे फुकट वाटलं होतं. काकांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण मत द्यायला समुद्र कशाला पाहावा लागतो?

जहाज बांधत होती त्यांची पुतणसून गोपिका, पुलगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. हौस तिला होतीच, खोटं कशाला बोला. पण हे जहाज नुसतं हौसेचं नव्हतं. तिला घरचा गणपती राखायचा होता.

त्यांच्याकडे गणपती बसायचा तो वीत-दीड वीत उंचीचा, मातीचा आणि त्याचं विसर्जन व्हायचं शेतातल्या विहिरीत. मूर्ती टोपल्यात ठेवायची, टोपल्याला दोर बांधायचा आणि हळूहळू खाली सोडायचं. देवाला धक्का लागता कामा नये, ही सासूबाईंची, रुख्माबाईंची शिस्त. मग ती विहीर खचली. तिच्याऐवजी शेततळं झालं, भेंडी-वांग्यांची सोय झाली. पण तळ्याला काळं प्लास्टिक अंथरलेलं, उतार असा गुळगुळीत की पाय टाकणारा सरळ तळाशी जायचा. मागच्या वर्षी मूर्ती काठावरूनच सोडली. ती घसरली आणि प्लास्टिकच्या घडीत उतारावरच अडकली. दुसऱ्या दिवशी रुख्माबाई भेंडी तोडायला गेल्या, तर बाप्पा आडवे पडलेले, सोंड तुटलेली आणि पोटावर कावळा बसलेला.

म्हातारी त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी तिनं निकाल दिला, "ज्याले धड पोचवता येत नाई, त्याले आणाचं कायले? पुढच्या साली एक डाव बसवू. तवाबी असंच झालं, त आपल्या घरी गणपती बंद."

"नदीवर नेऊ ना, आई," गोपिकेचा नवरा नीरज म्हणाला.

"घरचा देव घरच्या पाण्यात जाते," रुख्माबाई म्हणाल्या आणि विषय संपला. त्यांचा शब्द फिरल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

लग्न होऊन गोपिका या घरात आली, तेव्हापासून गणपतीचे दिवस हेच तिचं खरं माहेरपण होतं. ते बंद होऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. तळ्याच्या मधोमध, खोल पाण्यावर जाऊन टोपलं अलगद खाली सोडणारं काहीतरी हवं होतं. म्हणजे जहाज. आणि जहाजावर क्रेन.

घरातला कूलर अंगणात गेला आणि त्याच्या जागी कॉटएवढं जहाज उभं राहू लागलं. प्लायवूडचा सांगाडा, त्यावर लाकडाच्या पातळ पट्ट्या, वरून फायबर. गोपिकेला अर्धवट काही खपत नसे. डावीकडे लाल दिवा आणि उजवीकडे हिरवा, खऱ्या जहाजासारखा. भोंगा वाजायचा, धुराड्यातून वाफ निघायची. नांगर रिमोटवर वरखाली व्हायचा, त्याची साखळी तिच्या जुन्या पैंजणाची होती. क्रेनचा दोर शिवणयंत्राच्या बॉबिनवर गुंडाळला जायचा आणि टोपलं तळाला टेकून दोर सैल पडला की आकडा आपोआप सुटायचा.

"धुराड्याचं काय काम आहे वो त्यात?" नीरजनं एकदा विचारलं.

"बाप्पा बसून जाणार आहे. त्याले काय मालगाडीच्या डब्यात घालून धाडता?"

पहिल्या चाचणीला मूर्तीऐवजी तेवढ्याच वजनाचा भोपळा टांगला. क्रेन उजवीकडे बाहेर वळली आणि जहाज भोपळ्याच्या मागोमाग आडवं झालं. भोपळा मात्र मजेत तरंगत होता. मधुकरकाका काठावर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बुडाचं ते तरंगून राह्यलं अन् तरंगाचं ते बुडून राह्यलं!"

गोपिकेनं दात ओठ खाल्ले आणि जहाज पुन्हा उघडलं. डाव्या बाजूला आत एक टाकी बसवली. क्रेन उजवीकडे वळली की पंप डाव्या टाकीत तळ्याचं पाणी भरायचा आणि तोल सांभाळायचा. मूर्ती आणल्यावर तिनं ती भाजीच्या तराजूत घालून तोलली आणि टाकीचं माप बरोबर तेवढ्यापुरतं ठेवलं. पुढच्या चाचण्यांत जहाज हललंसुद्धा नाही. एकच खोड राहिली होती. वेगात वळवलं की ते बाहेरच्या बाजूला कलायचं, वळणावर एसटीतली माणसं कलतात तसं.

अनंत चतुर्दशीला तळ्याच्या काठावर निम्मं नाचणगाव जमलं. आरती झाली. टोपलं जास्वंदीनं भरून गेलं. भोंगा वाजवत, वाफ सोडत जहाज निघालं, तशा टाळ्या पडल्या. मधोमध गेल्यावर गोपिकेनं काठावरून रिमोटनं क्रेन वळवली. टोपलं पाण्यावर आलं, पंप सुरू झाला, टाकी भरली आणि तरीही जहाज उजवीकडे कलत गेलं. हिरवा दिवा पाण्याला टेकला.

"टोपल्यात काय टाकलं?" ती किंचाळली.

"शिदोरी," रुख्माबाई म्हणाल्या. "दहीभाताचा डबा, करंज्या अन् नारळ. उपाशी धाडू काय त्याले?"

दर वर्षी गोपिका स्वतः शिदोरी बांधून देत आली होती. यंदाही तिनंच डबा भरला होता! विहिरीला वजनाचं काय सोयरसुतक, म्हणून शिदोरी कधी कुणी तोलली नव्हती आणि विज्ञानाच्या बाईंनीही फक्त देव तोलला होता.

क्रेन आत वळवून पाहिली, तर मोटर नुसती कण्हली. दोर सोडावा, तर कललेल्या क्रेनवर बॉबिन अडकलं होतं. टोपलं झुलत होतं. आता बाप्पा जहाजासकट उलटे होणार होते, तेही गावासमोर, म्हातारीच्या डोळ्यांदेखत.

"बंद कर, बंद कर!" नीरज ओरडला.

तिनं बंद केलं नाही. भार उजवीकडे होता. जहाज उजवीकडेच वळवलं, तर ते डावीकडे कलणार होतं. तिनं सुकाणू पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि वेग वाढवला. जहाज थरथरलं, पाणी कापत गोल फिरू लागलं आणि फिरता फिरता हिरवा दिवा पाण्यातून वर आला. जहाज ताठ झालं!

"प्रदक्षिणा!" मधुकरकाका एकदम उभे राहिले, त्यांनी टोपी काढली. "पाहा रे, देव प्रदक्षिणा घालून राह्यला!" काठावरच्या सगळ्यांचे हात जोडले गेले. खरं कारण फक्त गोपिकेला ठाऊक होतं आणि ते सांगायला तिला श्वास नव्हता. जहाज फिरत असतानाच तिनं दोर सोडायला सुरुवात केली. बाप्पांचे पाय पाण्याला लागले, मग पोट, मग सोंड, मग मुकुट. भार पाण्यानं घेतला, तसा तिनं वेग कमी केला. दोर उतरत राहिला आणि एका क्षणी सैल पडला. आकडा रिकामा वर आला.

रुख्माबाई पाण्याकडे पाहत होत्या. तिथं जास्वंदीची फुलं तेवढी तरंगत होती. मग त्या तब्येतीला न शोभणाऱ्या आवाजात, सगळ्यांच्या आधी ओरडल्या, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" तळं दुमदुमलं.

"पुढच्या वर्षी..." म्हातारीचा आवाज इथं चिरकला, पण तिनं तो सोडला नाही. "पुढच्या वर्षी लवकर या!"

गोपिकेनं ते ऐकलं आणि रिमोट छातीशी धरून ती सगळ्या गावासमोर ढसाढसा रडली. इतकी खूश ती उभ्या आयुष्यात झाली नव्हती.

रुख्माबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. "रडतं काऊन, बाई? पुढच्या साली मूर्ती हातभर उंच आणजो," त्या म्हणाल्या. "अन् जहाज त्या मानानं बांधजो."