दुसरा रकाना

कारखान्याच्या मालकाने युनियनचं तिसरं पाकीटही न फोडता परत पाठवलं. धाकट्या जावेने ते घरी आणून टेबलावर आपटलं. युनियनची चिटणीस तीच होती.

"फोडलं तर युनियन आहे हे कबूल करावं लागेल ना! आत जसा काही विंचूच बसलाय."

थोरली हसली नाही. थर्मामीटरच्या त्या कारखान्यात तपासणीच्या बाकावर तिची एकोणीस वर्षं गेली होती. बाकाची प्रमुख तीच. युनियनमध्ये ती होती, पण मागच्या रांगेत. मागणी एकच होती: पाऱ्याच्या खोलीत हवा बाहेर ओढणारा पंखा. पाऱ्याची वाफ अंगात भिनून हल्ली बशी धरताना जावेची बोटं थरथरत.

दुसऱ्या दिवशी मालकाने थोरलीला वर बोलावलं, बसायला खुर्ची दिली.

"बाई, पंखा उद्या बसवतो. युनियन-बिनियन मी ओळखत नाही, तुम्हाला ओळखतो. तुमची एकटीची मागणी म्हणून लिहून द्या. नाहीतर बाकावर दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

तिने कागद ओढला. 'पाऱ्याच्या खोलीत पंखा बसवावा, अशी माझी मागणी आहे.' खाली सही केली. मग सवयीने पट्टी घेऊन सहीशेजारी उभी रेघ मारली.

"हे काय?"

"दुसरा रकाना." सांगताना तीच ओशाळली. तपासणीच्या बाकावर प्रत्येक थर्मामीटर दोघीजणी वेगवेगळा वाचत. आकडे जुळून दोन सह्या झाल्याशिवाय माल बाहेर जात नसे. दुसरी सही बहुतेक जावेची असे.

"हा अर्ज आहे, थर्मामीटर नाही. खोडा ते."

पेन हातातच होतं. एकोणीस वर्षांत तिने तो रकाना कधी खोडला नव्हता.

"एकटीचं वाचन आपल्याकडे धरत नाहीत, साहेब. नियम तुमच्याच वडिलांचा आहे."

कागदाची घडी घालून ती खाली आली.

सोमवारी तिला पॅकिंगला बसवलं. पंखा आला नाही.

"ताई, तोंडाशी आलेला घास घालवलात," जाऊ म्हणाली. बशी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"घालवला. आता सही कर."

'माझी'च्या जागी 'आमची' करून थोरलीने खाली आणखी एक्केचाळीस जणींसाठी रेघा आखल्या. चौथं पाकीट बुधवारी गेलं आणि गुरुवारी न फोडता परत आलं. तिने ते आधीच्या तिनांवर ठेवलं आणि पाचव्यावर पत्ता लिहायला घेतला. आजवर पत्ते लिहिणाऱ्या जावेचं अक्षर आता वाचता येत नव्हतं.